आखाजीच्या संध्याकाळी बाग कशी दिसेल, ते आधी ठरवा

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तापीकाठच्या तालुक्याच्या गावातली एक एकराची सार्वजनिक बाग तुमच्या मंडळाने सांभाळायला घेतली आहे. गेल्या वर्षी २६ जानेवारीच्या कार्यक्रमासाठी पुण्याहून फुललेल्या पिटुनिया आणि डायंथसची ३,००० रोपं आणून लावलीत, आणि मार्च संपता संपता सगळे वाफे करपले. कुंपणाच्या भिंतीवर शाळेच्या मुलांकडून चित्रं काढून घेतलीत, ती दोन पावसाळ्यांत खालून सोलून निघाली. आता एक देणगीदार लोखंडी सांगाड्यावरचा फुलांचा मोर आणि फायबरचे दोन हत्ती बसवून द्यायला तयार आहेत. तुम्ही विचारता, वर्षभर फुलत राहील असं काय लावावं, आणि मोर घ्यावा की नाही.

मी जळगाव जिल्ह्यात सत्तावीस वर्षं रोपवाटिका चालवतो आणि त्यातली बरीच वर्षं शाळा, मंदिरं, कारखाने आणि गावोगावच्या सार्वजनिक बागांची कामं करत आलोय. त्या अनुभवावरून सांगतो, वर्षभर फुलणारं एक झाड शोधण्यात वेळ घालवू नका. तुमचा खरा प्रश्न असा आहे: बाग माणसांनी भरते ते दिवस कोणते, आणि त्या दिवशी तिथे बघायला काय असतं?

आपल्याकडे बाग सगळ्यात जास्त भरते ती आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला. लेकी माहेरी आलेल्या असतात, पोरांना सुट्ट्या लागलेल्या असतात किंवा लागायच्या बेतात असतात, घरात पंख्याखालीही जीव घाबरा होतो. संध्याकाळी सहाला ऊन कलतं आणि आया, मावश्या, पोरं, म्हातारी माणसं असं सगळं घर बागेत येऊन बसतं, ते नऊ-साडेनऊपर्यंत. आणि नेमकं तेव्हाच आपल्या बागेत वाफे उघडे, हिरवळ पिवळी आणि कारंजं बंद असतं. आपण बागेचं सगळं नियोजन २६ जानेवारीसाठी करतो, कारण उद्घाटनं आणि स्पर्धा तेव्हा असतात. माहेरवाशिणीसाठी करत नाही. म्हणून माझ्याकडे कोणी बागेचा आराखडा मागायला आलं की मी पहिलं पान आखाजीचं काढतो, आणि तिथून उलटा मागे येतो.

मोठ्या शहरांतल्या बागांच्या फोटोंमुळेही फसगत होते. बंगळुरूच्या लालबागेतलं पुष्पप्रदर्शन सुंदर असतं, त्यात शंका नाही. पण ते वर्षातून दोनदा, प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्यदिनाच्या आसपास, मोजके दिवस भरतं. तिथल्या फुलांच्या मोठ्या प्रतिकृती बहुतांशी तोडलेल्या फुलांच्या असतात. प्रदर्शन संपलं की त्या उतरवतात. शिवाय गाव जितकं उंचावर तितका उन्हाळा सौम्य: बंगळुरू समुद्रसपाटीपासून ९०० मीटरच्या वर, पुणं साधारण ५६० मीटरवर, आणि आपलं जळगाव जेमतेम २०० मीटरवर. दिल्लीत राष्ट्रपती भवनाची बागसुद्धा लोकांना मुख्यतः फेब्रुवारी-मार्चमध्ये बघायला मिळते, कारण हंगामी फुलांचा भर तिथेही तेवढाच. जे फूल दिल्लीत एप्रिल काढू शकत नाही, ते भुसावळ-रावेरच्या ४५ अंशांत उभं राहावं ही अपेक्षा फुलावर अन्याय करणारी आहे.

आता काही गोष्टी तुमच्या जागेवर अवलंबून आहेत, त्या न बघता मी छातीठोक सांगणार नाही. पाणी नदीचं की बोअरचं, आणि बोअरचं असेल तर किती जड. काळी माती किती खोल आहे, खाली मुरूम कितीवर लागतो. भिंती कोणत्या दिशेला तोंड करून आहेत. आणि माळी पूर्णवेळ आहे की दोन ठिकाणी राबणारा. मातीचं तुम्हीच बघू शकता. दोन फूट खोल खड्डा घ्या, संध्याकाळी काठोकाठ पाण्याने भरा, सकाळी बघा. सकाळीही पाणी साचलेलं असेल तर त्या जागी सपाट वाफा करायचाच नाही, फूटभर उंच गादीवाफाच करायचा. आपल्या काळ्या रानात बहुतेक ठिकाणी हेच उत्तर येतं. काळ्या मातीत नदीची वाळू मिसळून निचरा सुधारतो असं लोक सांगतात. माझा अनुभव उलटा आहे, थोडी वाळू घातली तर माती विटेसारखी बसते. त्यापेक्षा कुजलेलं शेणखत आणि पोयटा भरपूर घाला, आणि वाफा उचला.

तुमचे पिटुनिया का मेले, ते आधी सांगतो, कारण त्यात तुमची काळजी कमी पडली असं मला वाटत नाही. फुललेलं रोप पिशवीतून काढून बघितलं असतं तर दिसलं असतं: मुळांचा गोल गोल गुंडाळा झालेला, मातीपेक्षा मुळ्याच जास्त. त्या रोपाचं तरुणपण पिशवीतच सरलेलं असतं. जानेवारीच्या शेवटी ते जमिनीत लावलं की नव्या मुळ्या खाली उतरायला त्याला मोजके आठवडे मिळतात, आणि फेब्रुवारीच्या शेवटी आपल्याकडे दुपार तापायला लागते. शिवाय ३,००० रोपं फुटावर एक लावली तर सुमारे पावणेतीनशे चौरस मीटर वाफा होतो. तापलेल्या दिवसात चौरस मीटरला रोज आठएक लिटर धरा, म्हणजे दोन हजार लिटरच्या वर पाणी रोज, फक्त फुलांना. ज्या गावात नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं, तिथे हे मागायला मन धजत नाही.

पिटुनिया लावाच, पण वेळेवर. बी सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, आडोशाला, कोकोपीट भरलेल्या ट्रेमध्ये टाकायचं. बी धुळीसारखं बारीक, एका ग्रॅममध्ये नऊ-दहा हजार दाणे. ते झाकायचं नाही, नुसतं वर टाकून फवाऱ्याने ओलं ठेवायचं. ऑक्टोबरची ऊब ओसरली की दिवाळीच्या आगेमागे रोपं गादीवाफ्यात लावायची आणि चार-सहा पानांवर शेंडा खुडायचा. शेंडा खुडताना नवख्या माणसाचा हात थरथरतो, पण तो खुडला तरच रोप बाजूला फुटतं आणि वाफा भरतो. असं केलेला पिटुनिया डिसेंबरच्या मध्यापासून फुलतो, २६ जानेवारीला ऐन भरात असतो आणि मार्चच्या मध्यापर्यंत टिकतो. डायंथस, फ्लॉक्स, कॅलेंडुला, स्वीट अ‍ॅलिसम यांचंही गणित साधारण हेच. पॅन्सीच्या नादी लागू नका. आपल्या थंडीत ती फुलते, पण ती थंडी फार थोडे दिवस असते.

आणि मार्चच्या मध्याला ते वाफे तुम्ही स्वतः उपटा. हे माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं आहे. करपत चाललेलं रोप एप्रिलभर पाणी पाजून जगवत ठेवणं म्हणजे पाणी आणि माळ्याचे हात दोन्ही वाया घालवणं. वाफा मोकळा करा, खत घाला, निम्म्या वाफ्यांत उन्हाळी रोपं लावा आणि निम्मे झाकून ठेवा. आपल्याकडे केळीचं वाळलेलं पान फुकट मिळतं, त्याचा चार बोटं थर द्या. कापसाच्या पऱ्हाट्याही लोक टाकतात, पण यंत्रातून बारीक केलेला भुसा असेल तरच घ्या. अख्ख्या पऱ्हाट्या रचून ठेवल्या तर गुलाबी बोंडअळीला घर मिळतं आणि शेजारच्या शेतकऱ्याचं नुकसान होतं.

पावसाळ्याचं मी थोडक्यात सांगतो, कारण ते सोपं आहे. झेंडूचं बी जुलैच्या मध्याला टाका, महिन्याने लावा, दसऱ्याच्या आसपास फूल येतं. सोबत तेरडा, कोंबडा, कॉसमॉस. गादीवाफा असेल तर पावसाळा तुम्हाला त्रास देत नाही, सपाट वाफा असेल तर ऑगस्टच्या झडीत मुळं सडतात. एवढंच.

आता उन्हाळा. उन्हाळ्यात हमखास उभी राहणारी हंगामी फुलं माझ्या हातून मोजकीच गेली आहेत: गोम्फ्रेना, ज्याला आपण बटनफूल म्हणतो, सदाफुली, पिवळा कॉसमॉस, झिनिया, आणि पोर्तुलाका, म्हणजे ऑफिस टाइम. यांत बटनफूल पहिलं. फेब्रुवारीत बी टाकलं तर एप्रिलमध्ये जांभळ्या गोंड्यांनी वाफा भरतो, आणि फूल झाडावरच सुकलं तरी रंग जात नाही. पोर्तुलाकाचं मात्र एक ध्यानात घ्या. तो सकाळी उन्हाबरोबर उघडतो आणि दुपारनंतर मिटतो. मी एका बागेत मुख्य फाटकासमोर पन्नास फूट लांब पोर्तुलाकाचा पट्टा केला होता. सकाळी फिरायला येणारे खूश. आखाजीच्या संध्याकाळी मी स्वतः तिथे जाऊन उभा राहिलो तर सगळा पट्टा मिटलेला, हिरव्या चटईसारखा. बाहेरगावाहून आलेली एक मुलगी आईला विचारत होती, इथे फुलं का नाहीत? त्या दिवसापासून मी फुलाचा महिना विचारतो तशी वेळही विचारतो.

संध्याकाळच्या बागेची झाडं वेगळी असतात, आणि ती आपल्या आज्यांना माहीत होती. गुलबक्षी दुपारी चारच्या सुमाराला उघडते, रात्रभर फुललेली राहते. तिचा कंद जमिनीत टिकतो, एकदा लावली की पुन्हा विचारावं लागत नाही, पाणी मिळालं तर उन्हाळ्यातही फुलते. मोगरा तर आपल्या उन्हाचाच. डिसेंबरअखेर त्याचं पाणी तोडा, छाटणी करा, जानेवारीच्या शेवटी खत देऊन पाणी सुरू करा. मार्चपासून कळ्या धरतात आणि आखाजीला बाकाजवळ वास दरवळतो. मोगरा वाफ्याच्या मध्यभागी लावू नका, बसायच्या जागेच्या पाठीशी लावा. अंधारात फुलाचा रंग दिसत नाही, वास मात्र पोहोचतो, आणि ज्या आजींना आता नीट दिसत नाही त्यांच्यापर्यंतही पोहोचतो.

वरच्या मजल्यावर झाडं. बहावा एप्रिल-मेमध्ये पिवळ्या झुंबरांनी लगडतो, त्याला आपलं ऊन सोसतं. बियांपासून केलं तर फुलायला सहा-आठ वर्षं लागतात, म्हणून आजच लावा. गुलमोहर मेमध्ये पेटतो, पण त्याचं लाकूड ठिसूळ. वळवाच्या वादळात फांद्या मोडतात, तेव्हा तो बाकांपासून आणि घसरगुंडीपासून लांब, कोपऱ्यात. पळस, पांगारा आणि काटेसावर फेब्रुवारी-मार्चची धुरा सांभाळतात. तामण आपलं राज्यपुष्प म्हणून सगळ्यांना हवं असतं. ओलावा कायम असलेल्या जागीच लावा, नाहीतर ते खुरटतं. आणि कडुनिंब विसरू नका. त्याच्या बारीक फुलांकडे कोणी बघत नाही, पण त्याच्या सावलीशिवाय बाकीची बाग बघायला कोणी बसणार नाही.

बोगनवेलीबद्दल एक तक्रार मला दर महिन्याला येते: पानंच पानं, फूल नाही. कारण बहुतेक वेळा एकच असतं, पाणी जास्त. काळ्या मातीत रोज ठिबक चालू असेल तर ती पानातच खेळते. फेब्रुवारीत दोन-तीन आठवडे तिचं पाणी बंद करा, पानं जरा मलूल होऊ द्या, मग पाणी द्या.

पाण्यावरून आठवलं. मी नवा होतो तेव्हा एका बागेत एक म्हातारे माळी होते, त्यांना सगळे बाबा म्हणत. मी रोज संध्याकाळी पाइपने सगळे वाफे भिजवून घ्यायचो आणि तरी झाडं माना टाकायची. बाबांनी खुरपं घेतलं, वाफ्यात एक वीतभर चीर पाडली आणि मला खाली बसून बघायला लावलं. वरची दोन बोटं माती काळीभोर ओली, त्याखाली कोरडी ठाक, ढेकळं मोडली तर धूर निघावा तशी. बाबा म्हणाले, "पानी वरनं वर जास भाऊ, मुयीले भेटस नही." म्हणजे पाणी वरच्या वर जातं, मुळीला मिळत नाही. तेव्हापासून मी रोजचं शिंपणं बंद केलं. उन्हाळ्यात तिसऱ्या दिवशी, पण वीतभर खोल जाईल इतकं. आणि झुडपांना ठिबक. मुळं पाण्याच्या मागे खाली जातात, आणि खाली माती थंड असते.

अजून एक रोग आपल्याकडे घरोघरी आहे. पानं पिवळी, शिरा हिरव्या. पिटुनिया आणि एक्झोरावर हमखास. लोक युरिया टाकतात आणि पान आणखी पिवळं पडतं. आपली माती चुनखडीची, विम्ल, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची. तिच्यात लोह असूनही मुळाला घेता येत नाही. साधं फेरस सल्फेट मातीत टाकलं तर तेही बांधलं जातं. चिलेटेड लोह घ्या, आणि पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेलं बघून घ्या. ईडीटीएचं आपल्या मातीत फार टिकत नाही. तातडीने हिरवेपणा हवा असेल तर लिटरला पाच ग्रॅम फेरस सल्फेट आणि थोडं लिंबूसत्त्व, संध्याकाळी पानांवर फवारा. फवारताना भिंतीवर आणि फरशीवर उडू देऊ नका, गंजाचे डाग निघत नाहीत.

इथवर थोडक्यात असं: हिवाळी फुलं दीडशे चौरस मीटरपेक्षा जास्त नकोत, म्हणजे सोळाशे-सतराशे रोपांत भागतं, ती दिवाळीला लावून मार्चच्या मध्याला काढायची, आणि एप्रिल-मेचा भार झाडांवर, मोगऱ्यावर, गुलबक्षीवर आणि बटनफुलावर टाकायचा. उरलेला भार कलाकामाने उचलायचा आहे. म्हणूनच मोराचा निर्णय मी शेवटी ठेवला.

मी असा मोर केलेला आहे. एका गावच्या बागेसाठी, सात फूट उंच, लोखंडी सळयांचा सांगाडा, आत जाळी आणि गोणपाट, त्यात माती आणि कोकोपीट, वरून लाल-हिरवी अल्टरनँथेरा, म्हणजे कापून आकार देता येणारं रंगीत पानांचं बुटकं झाड. नोव्हेंबरमध्ये लावला, जानेवारीत त्याच्यासमोर फोटोला रांगा लागायच्या. दर पंधरा दिवसांनी कात्रीने कापून आकार राखायचा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पश्चिमेकडची पिसं तपकिरी पडायला लागली. मी पाणी वाढवलं, तरी पडतच गेली. एका दुपारी तीन वाजता मी सांगाड्याच्या सळईला हात लावला आणि झटकन मागे घेतला. चटका बसला. मग कळलं की मुळं तहानेने मरत नव्हती, भाजत होती. चार इंच मातीच्या थरात तापलेलं लोखंड, वरून झळा, आणि आत शिंपलेलं पाणी क्षणात गरम. तीन उन्हाळे मी ती बाजू पुन्हा पुन्हा लावली. तिसऱ्या वर्षी समितीच्या लोकांनी विचारलं, दरवर्षी हे असंच का? त्यांचं बरोबर होतं.

चौथ्या वर्षी मी माती काढून टाकली, त्याच सांगाड्यावर जस्ताची जाळी बांधून सिमेंटचा गिलावा केला, आणि फरशीच्या दुकानांतून तुटलेल्या रंगीत टाइल्स पोत्याने आणल्या. दुकानदार त्या फुकट देतात, त्यांना उकिरड्यावर न्यायचा खर्च वाचतो. गल्लीतल्या बायकांनी फुटके कप, बशा आणून दिल्या. पिसांमधले डोळे निळ्या बशांचे झाले. आज त्या मोराला बरीच वर्षं झाली. निळा अजून निळाच आहे. पायथ्याशी गोल वाफा ठेवला आहे, त्यात हिवाळ्यात पांढरा अ‍ॅलिसम आणि उन्हाळ्यात बटनफूल. फूल नसेल तेव्हाही मोर उभा असतो.

तुटक्या भांड्यांची ही रीत जगात जुनी आहे. चंदीगडचं रॉक गार्डन, जे १९७६ साली लोकांसाठी उघडलं, ते नेकचंद यांनी असंच टाकाऊ चिनीमातीच्या तुकड्यांनी, बांगड्यांनी आणि दगडांनी उभं केलं. बार्सिलोनाच्या पार्क ग्युएलमध्ये वास्तुकार गौदीच्या नागमोडी बाकावर फुटक्या टाइल्स शंभर वर्षांहून जास्त ऊन खात आहेत. भट्टीत भाजलेला रंग उन्हाने उडत नाही, हे त्याचं साधं कारण. आपल्याकडे हे काम नोव्हेंबर ते जानेवारीत करा. एप्रिलच्या दुपारी केलं तर सिमेंट मुरायच्या आधी वाळतं आणि तुकडे टकटक निघून येतात. आधी गिलाव्यावर गोणपाट ओलं ठेवून आठवडाभर पाणी मारा, मग तुकडे बसवायला बाहेरच्या कामाचं टाइल अधेसिव्ह वापरा. धार घासून घ्या. बांगड्यांची काच लहान मुलाच्या हाताच्या उंचीला लावू नका, वर लावा.

तेव्हा देणगीदारांना नाही म्हणू नका. त्यांना सांगा, मोर करू, फक्त जिवंत पानांऐवजी टाइल्सचा करू, आणि पैसे उरले तर त्यातून बाकांवर सावली करू. फायबरच्या हत्तींबद्दल मी सावध आहे. उन्हाने त्यांचा वरचा थर पांढुरका पडतो, हात लावला की पूड येते. पोरं वर चढतात, तडा जातो, आणि तड्यातून निघालेले काचेचे तंतू पोरांच्या मांड्यांना टोचतात. घ्यायचेच असतील तर झाडाखाली, चढता येणार नाहीत अशा जागी. आणि काहीही उभं करा, चबुतऱ्याचा पाया मुरुमापर्यंत न्या आणि बाजूने मुरूमच भरा. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. वरवरच्या पायावरचा चबुतरा दोन वर्षांत कलतो.

भिंतीचं तुम्ही लिहिलंत की चित्रं खालून सोलली. खालून हा शब्द महत्त्वाचा आहे. पाऊस वरून पडतो. खालून सोललं म्हणजे ओल जमिनीतून चढते आहे. बहुधा वाफ्याची माती थेट भिंतीला टेकलेली आहे आणि रोजचं पाणी भिंत पिते. बोअरचं पाणी जड असेल तर त्यातले क्षार पृष्ठभागावर पांढरे फुलतात, आपण त्याला लोणा म्हणतो, आणि तो रंगाला आतून ढकलतो. आधी भिंतीपासून दीड फूट माती मागे घ्या, तिथे खडीचा पट्टा करा, फवारे भिंतीवर येणार नाहीत असे वळवा. लोणा कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतला तर क्षार परत आत जातात. एक उन्हाळा भिंत वाळू द्या. मग खालचे दोन फूट चित्रासाठी घेऊच नका, तिथे दगड किंवा टाइल्सची पट्टी लावा. नवा गिलावा केलात तर महिनाभर थांबून, क्षारांना टिकणारा प्रायमर लावून मगच रंग.

पश्चिमेला आणि दक्षिणेला तोंड असलेल्या भिंतीवर चित्र काढू नका, तिथे बोगनवेल चढवा. चित्रं उत्तरेकडे आणि पूर्वेकडे तोंड असलेल्या भिंतींवर. रंग निवडताना एक विचार करा. आपल्यापासून ६० किलोमीटरवर अजिंठा आहे. ती चित्रं लेण्यांच्या अंधारात राहिली म्हणून वाचली, आपली भिंत उघड्यावर आहे, तुलना पूर्ण होत नाही. पण तिथली रंगपेटी बघा: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुना, काजळी. मातीचे रंग उन्हाला दाद देत नाहीत. भडक गुलाबी आणि लिंबू पिवळा सगळ्यात आधी उडतो. गेरू, पिवळी माती, पांढरा आणि काळा एवढ्यात मुलांना चित्रं काढू द्या. विषय त्यांना घरातूनच मिळतील: आखाजीचे झोके, गौराई, श्रावणातली कानबाई, केळीचे घड, वेचणीचा कापूस. कार्टूनमधली पात्रं मुलं टीव्हीवर बघतातच.

पैशाचं एकच सांगतो. जमलेल्या रकमेतला तिसरा हिस्सा आजच वेगळा काढा आणि त्याला माळ्याचा पगार म्हणा. तो नसेल तर वर लिहिलेलं काहीही उन्हाळा काढणार नाही.

सध्या मार्च चालू आहे. यंदाच्या आखाजीसाठी नवीन काही लावायला उशीर झाला आहे, आणि मला वाटतं तुम्ही लावूही नये. त्याऐवजी आखाजीच्या आधीच्या आणि नंतरच्या अशा चार-पाच संध्याकाळी वही घेऊन बागेत बसा, साडेपाच ते नऊ. बायका कुठे टेकतात, पोरं कुठे पळतात, म्हाताऱ्यांना कोणता बाक तापलेला लागतो म्हणून ते उठून उभे राहतात, दिवा कुठे नाही, पाण्याचा नळ कुठे हवा होता, हे सगळं बागेच्या नकाशावर लिहा. जिथे लोक बसतात तिथे मोगरा. जिथे बाक तापतो तिथे कडुनिंब. मोर फाटकातून दिसेल असा ठेवायचा मोह होतो, पण तो तुमच्या नकाशावर पोरं जिथे जमतात तिथे ठेवा. मेमध्ये तीन-तीन फुटांचे खड्डे घेऊन उन्हाने तापू द्या, आणि पहिला पाऊस मुरला की बहावा लावा. नकाशा झाला की इथेच टाका, भिंतींच्या दिशा आणि पाण्याचा तपासणी अहवालही टाका. वाफे कुठे घ्यायचे ते मग आपण जागेवर बोट ठेवून ठरवू.